कंप्युटरवाल्या मॅडमचा बडग्या

आमच्या शाळेत हेडमास्तर चार झाले, सचिव दोन झाले, घंटा मात्र एकच आहे अन् ती वाजवणारी मीही एकच आहे. जिजाबाई म्हणतात मले. सत्तावीस वर्षांपासून शिपाई आहे. चाव्या माझ्याजवळ, झाडू माझ्याजवळ, चहा माझ्या हातचा. मंग कोणी विचारलं का शाळा कोण चालवते, तं मी खोटं काहून बोलू? पण मागच्या चार वर्षांत ह्या प्रश्नाचं उत्तर बदललं. ते कसं बदललं हे मीच सांगते. दुसऱ्या कोणी सांगतलं तं त्यात माझी चूक गाळून टाकतील, लोकं मले भेतात.

चार वर्षांखालची गोष्ट. जूनचा शेवट, शाळा उघडाचा पहिला दिवस, ऊन असं का फाटकाले हात लावला तं चटका बसे. फाटकाजवळ एक बाई उभी. कामठीच्या शेअर ऑटोतून उतरलेली, घामाघूम, साधा सुती ड्रेस, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली, अन् रंगानं काळी. सावळी-बिवळी नाही, चांगली काळी. त्या दिवशी सफाईवाली नवी बाई येणार होती. मी काहीच विचारलं नाही. तिच्या हातात झाडू दिला, म्हटलं वरची कंप्युटरची खोली आधी घे, तिथं कबुतरं आहेत. अन् मी चहा प्याले निघून गेली.

अर्ध्या तासानं वर गेली तं खोली झाडलेली. अकरा कंप्युटरवरची धूळ पुसलेली. कबुतराचं घरटं अंड्यासकट उचलून बाहेर छज्जावर ठेवलेलं. अन् ती बाई जमिनीवर बसून एका डब्याचे स्क्रू खोलून आत पाहून राहिली होती. मी ओरडली, त्याले हात लावू नको, कंप्युटरच्या नव्या मॅडम येणार आहेत. तिनं चष्मा सारखा केला अन् म्हणाली, "मीच ती. अश्लेषा."

माफी मागाची वेळ तीच होती. मी काय म्हटलं असन? मी म्हटलं, मंग आधी सांगाले काय झालं होतं? अन् वरून तिलेच रागावली. माझा स्वभावच तसा आहे, चूक माझी असली का आवाज अजून चढते. मॅडमनं झाडू दाराच्या मागं उभा करून ठेवला अन् पुन्हा डब्यात डोकं घातलं.

त्यांचे वडील कामठीले यंत्रमागाचे फिटर होते, म्हणून पेचकस घेऊन स्क्रू खोलत बसणं त्यांच्या अंगातच. अकरा मेलेल्या कंप्युटरातले पाच खोलले अन् त्यांच्या सामानातून सहा जिवंत केले. पोट्टे पहिल्या आठवड्यात त्यांना मागून काळी मारबत म्हणत. आता पुण्या-मुंबईच्या लोकाईले सांगा लागते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या नागपुरात मारबत निघते, एक काळी, एक पिवळी. बाईच्या आकाराचे मोठे पुतळे. त्यांच्यासंगं बडगे निघतात, ते माणसाचे पुतळे, वर्षभर ज्यानं लोकाईले छळलं त्याचे. सगळे मिळून ओरडतात, रोगराई घेऊन जा गे मारबत, महागाई घेऊन जा गे मारबत, अन् गावाबाहेर नेऊन पेटवतात. मॅडमनं ते नाव ऐकलं. वर्गात फळ्याजवळ उभ्या राहून विचारलं का मारबत काय करते. पोट्टे म्हणाले, रोगराई घेऊन जाते. मॅडम म्हणाल्या, मंग तं चांगलंच काम आहे, चला, आज ह्या कंप्युटरातला व्हायरस घेऊन जाऊ. त्या दिवसापासून ते नाव मेलं, कारण ज्याले राग येत नाही त्याले चिडवून काय मजा?

हळूहळू पोट्ट्यांच्या माया, आज्या शाळेत येऊ लागल्या. कोणाचा शिष्यवृत्तीचा फॉर्म, कोणाचं आधार, कोणाचं राशन कार्ड. दुसऱ्या कोणी भरून दिला असता अन् मोकळं झालं असतं. ही बाई एकही फॉर्म भरून देत नव्हती. शनिवारी दुपारी बायांना कंप्युटरसमोर बसवे अन् म्हणे, बोट तुमचं, फॉर्म तुमचा, मी बाजूले उभी आहे. तुळसाबाई म्हणून एक म्हातारी आहे, नातीले तीच सांभाळते, कारण पोरगा-सून नरखेडकडे संत्र्याच्या बगीच्यावर कामाले. तिले स्वतःचं नाव टाइप कराले पाऊण तास लागला. मंग तिनं त्याचा कागद काढून घेतला अन् घराच्या दारावर चिकटवला. अजूनही आहे, जाऊन पाहा.

मंग मॅडमनं पालकांचा व्हॉट्सॲप ग्रुप काढला. बाप्पा. शाळेचा ग्रुप म्हणून काढला अन् मोहल्ल्याची चावडी झाली. सकाळी पाचपासून गुलाबाची फुलं. कोणाच्या घरी नळ आला, कोणाच्या घरी नाही आला. सिलेंडर, लग्नपत्रिका, पोटदुखीवर ओवा. रुपराव मंडपवाल्यांची बकरी हरवली तं ती ह्याच ग्रुपवर सापडली, कोणीतरी दही बाजाराच्या पुलाजवळ तिचा फोटो काढून टाकला. तेव्हापासून रुपराव ग्रुपले देव मानत. पोरीचा अभ्यास काय चालू आहे हे त्यांनी कधी विचारलं नाही, पण ग्रुपवर त्यांचा रामराम चुकला नाही. मॅडमनं मलेही ग्रुपात घेतलं. मी कधी काही लिहिलं नाही, मी फक्त वाचे. शाळेत काय शिजून राहिलं हे मले ठाऊक नको का?

अन् मंग ह्या वर्षी जुलैत संस्थेचे सचिव शरच्चंद्रजी आले. माणूस वाईट नाही, पण त्यांना सगळ्या खोल्यांत भाडेकरू दिसते. वरची खोली रस्त्याच्या अंगाले आहे, एका कोचिंग क्लासवाल्यानं मागितली होती. शरच्चंद्रजी म्हणाले, सहा जुन्या कंप्युटरांसाठी एवढी मोठी खोली कशाला अडवायची? मॅडमची नोकरी कंत्राटी, खोलीसंगं तीही जाणार, हे त्यांनी सांगतलं नाही, पण सांगाची गरजही नव्हती. मॅडमनं शांतपणे विचारलं का पालकांना खोली हवी असली तं? ते हसले. म्हणाले, "पोळ्यानंतरच्या रविवारी पालकसभा आहे. शंभर पालक आणून दाखवा, खोली तुमची."

शंभर. मागच्या सभेले सात आले होते, त्यातले दोन पंख्याखाली बसाले. शरच्चंद्रजींनी आकडा मोठा हुशारीनं काढला होता.

मॅडमनं मनावर घेतलं. रोज ग्रुपवर सभेची सूचना टाके. पण ती सूचना गुलाबांच्या खाली दबून जाय. असं करता करता शिष्यवृत्तीच्या फॉर्मची शेवटची तारीख त्याच ढिगात गेली अन् दोन पोरींचे फॉर्म राहिले. त्यातली एक रडत वर आली. त्या दिवशी मी मॅडमले पहिल्यांदा चिडलेलं पाहिलं. त्यांनी मोबाइल काढला, ग्रुपमधी काहीतरी दाबलं, अन् तेव्हापासून ग्रुपवर फक्त मॅडमले लिहिता येऊ लागलं. बाकी सगळ्यांनी फक्त वाचाचं. मले तं आवडलं. सत्तावीस वर्षांत इतकी शांतता मी शाळेत पाहिली नव्हती.

पण मोहल्ल्याले आवडलं नाही. आमचे लोकं कसे आहेत सांगू? शिव्या द्या, ऐकून घेतील. जेवाले उशीर करा, चालून जाईन. पण बोलता बोलता मधातच तोंड बंद केलं तं विषय संपला. लग्नाच्या पंगतीत ज्याले विचारलं नाही तो दहा वर्षं त्या घरचं पाणी पीत नाही, असे हे. शनिवारच्या बाया बंद झाल्या. तुळसाबाई रस्त्यात मॅडम दिसली का पदर घेऊन दुसरीकडे पाहे. रुपराव म्हणत फिरत का आमच्या तोंडाले कुलूप लावलं, मालकीण झाली. मॅडमले कळेना का झालं काय. सूचना तं आता सगळ्यांना स्वच्छ दिसून राहिली होती, अन् तरी एकही माणूस सभेले येतो म्हणत नव्हता.

पोळ्याच्या चार दिवस आधी रुपराव शाळेत आले. मले म्हणाले, जिजाबाई, फळ्याचा काळा रंग आहे का उरलेला? आमच्या स्टोअरमधी अर्धा डबा होता. मी विचारलं नाही कशाले. झाडू देतानाही मी विचारलं नव्हतं. काढून दिला.

दुसऱ्या दिवशी मी भाजी घेऊन रुपरावच्या घरासमोरून येऊन राहिली होती. दर वर्षी त्यांच्या आंगणात बडग्या बनते, मंडपाचे बांबू घरचेच. आत डोकावली अन् तिथंच थांबली. बांबूचा सांगाडा, वर सुती ड्रेस, हातात खोक्याचा कंप्युटर, डोळ्यांवर तारेचा चष्मा, गळ्यात पाटी, 'कुलूपवाली ॲडमिन'. अन् तोंड काळंकुट्ट. माझ्या डब्यातल्या रंगानं.

मी रुपरावले काय काय बोलली ते इथं सांगत नाही, माझ्या नातवांनी वाचलं तं बरं दिसत नाही. ते म्हणाले, बडग्यात कोणालेही धरता येते, नेत्याले धरतो, साहेबाले धरतो, मंग मॅडमले काहून नाही? मी म्हटलं, धरा, पण तोंड काहून रंगवलं? ते बांबूची दोरी कसाले लागले. अन् माझ्या ध्यानात आलं का हे विचाराचा हक्क मले कुठं आहे? घरी आली. दोन दिवस मले जेवण गेलं नाही. खरंच सांगते.

पण हे मॅडमपासून लपणार थोडंच होतं. पोळ्याच्या आदल्या दिवशी शाळा सुटल्यावर त्याच म्हणाल्या, चला जिजाबाई, माझा बडग्या पाहून येऊ. मी म्हटलं नका जाऊ. त्या निघाल्याही होत्या. मी मागं मागं.

आंगणात पंधरा-वीस माणसं होती, सगळ्यांचे हात थांबले. मॅडम पुतळ्याच्या भोवती एक चक्कर फिरल्या, वरून खालपर्यंत पाहिलं, जसं पोट्ट्यांचं प्रॅक्टिकल तपासतात तसं. मंग म्हणाल्या, "रंग बरोबर आहे. चष्मा चुकला. माझी डावी काडी तुटलेली आहे, तुम्ही उजवी तोडली."

कोणाले हसाची हिंमत होईना. मॅडमनं पर्समधून आपला जुना चष्मा काढला अन् रुपरावच्या हातात दिला, म्हणाल्या हा लावा. मंग तिथंच एका बांबूवर बसल्या अन् विचारलं, आता सांगा, मी केलं काय? रुपराव मंडपवाला, सहा फुटाचा माणूस, मान खाली घालून म्हणाला का मॅडम, दिवसभर बांबू बांधतो, घरी माझं कोणी ऐकत नाही, ग्रुपवर रामराम टाकला का चाळीस लोकं उलटून रामराम करत. तुम्ही ते बंद केलं. आम्हाले विचारलं बी नाही.

मॅडमनं चष्मा काढून पुसला. मंग म्हणाल्या, "विचाराले पाहिजे होतं. चुकलं माझं." इतकंच. तं पाहा, हे पाच शब्द मले चार वर्षांत जमले नव्हते, अन् ही बाई स्वतःच्या पुतळ्यासमोर बसून सहज बोलून गेली. मले स्वतःचीच लाज वाटली.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण मॅडम भरात आल्या. रुपराव म्हणाले का ग्रुप सगळ्यांचा आहे तं एकच ॲडमिन काहून, अन् मॅडम म्हणाल्या, बरोबर आहे. तिथंच बसून कुलूप काढलं अन् एकेकाचं नाव दाबून एकशे ऐंशी लोकांना ॲडमिन करून टाकलं. मी कानात सांगतलं का मॅडम, एका घरात दोन चाव्या असल्या तं भांडण होते, तुम्ही एकशे ऐंशी वाटून राहिल्या. पण माझं कोण ऐकते.

मारबतीच्या दिवशी मॅडम कामठीहून सकाळच्या पहिल्या बसनं आल्या. स्वतःच्या बडग्यासंगं अख्ख्या गर्दीतून चालल्या. रुपराव ओरडले, तोंडाले कुलूप लावणारीले, अन् मॅडम सगळ्यांहून मोठ्यानं ओरडल्या, घेऊन जा गे मारबत. लोकं त्यांच्याकडं पाहत अन् पुतळ्याकडं पाहत अन् पोट धरून हसत. पेटवाच्या आधी रुपरावनं गुपचूप ओला फडका घेऊन पुतळ्याचं तोंड पुसाचा प्रयत्न केला. फळ्याचा रंग तो, थोडीच निघते. पण पुसला त्यांनी, मी पाहिलं.

मले वाटलं आता झालं, रविवारी शंभर काय, दोनशे येतील. पण शनिवारी दुपारी तुळसाबाईनं ग्रुपवरचा एक गुलाब पुसाले म्हणून काहीतरी दाबलं अन् शेजारीण ग्रुपमधून बाहेर फेकल्या गेली. त्या दोघींचं आधीच नळावरून वाकडं. शेजारणीच्या सुनेनं तुळसाबाईले काढलं. तुळसाबाईच्या भाच्यानं सुनेले काढलं. सुनेच्या भावानं भाच्याले काढलं. सगळेच ॲडमिन, सगळ्यांच्याच बोटात जोर. संध्याकाळी दिवे लागेपर्यंत अख्खा मोहल्ला एकमेकाले काढून मोकळा झाला, अन् शेवटी जो उरला तो रुसून आपणच निघाला. ग्रुपात दोघीच उरल्या, मॅडम, कारण ज्यानं ग्रुप सुरू केला त्याले काढता येत नाही म्हणे, अन् मी, कारण मी ग्रुपात आहे हे कोणाले माहीतच नव्हतं. मी आयुष्यात पहिल्यांदा त्यात लिहिलं, 'कोणी आहे का'. मॅडमनं उत्तर दिलं, 'मी आहे'.

मी फोन लावला. म्हटलं सगळ्यांना पुन्हा जोडा. त्या म्हणाल्या, जोडलं तं पुन्हा काढतील, राहू द्या. मंग थोडं थांबून म्हणाल्या का उद्या सातही यायचे नाहीत, मी माझे पेचकस आजच पिशवीत भरले. मले रडू आलं. मी फोन ठेवून दिला, रडताना माझा आवाज कोणी ऐकलेला मले चालत नाही.

रविवारी दहाची सभा. साडेनऊले मी वरची खोली उघडून सतरंजी टाकली. शरच्चंद्रजी आले, खोलीचं माप घ्याले एक माणूसही संगं आणला होता. पावणेदहाले कोणी नाही. मॅडम खिडकीजवळ उभ्या, पिशवी पायाजवळ. अन् मंग जिन्यावर चपलांचा आवाज सुरू झाला.

पहिले आली तुळसाबाई. सभेसाठी नाही. "मले कोणं काढलं, मले पहिले ते सांगा," म्हणत आली. तिच्या मागं शेजारीण, तिची सून, सुनेचा भाऊ. मंग रुपराव. मंग गल्लीच्या गल्ल्या. सगळे एकाच गोष्टीचा न्याय मागाले, मले काहून काढलं अन् माझ्या वहिनीले काहून काढलं. खोली भरली, जिना भरला, खाली पटांगणात लोकं. शरच्चंद्रजी भिंतीले टेकले. मॅडमच्या तोंडावर मोठा आनंद आला, पण तो मिनिटभरच टिकला. कारण कल्ला असा झाला का कोणाचं कोणाले ऐकू येईना, अन् शरच्चंद्रजी हात वर करून म्हणाले, पाहा, हे तुमच्या तंत्रज्ञानाने झालं, मोहल्ला फोडला, ही खोली बंद केलेलीच बरी.

मी खाली गेली, घंटेची हातोडी घेतली, अन् घंटा अशी बडवली का छज्जावरची कबुतरं उडाली. वर आली तं सगळे गप्प. शिपायानं सभेत बोलू नये असा नियम आहे. मी बोलली.

"चार वर्षांखाली ह्या मॅडमच्या हातात मी झाडू दिला. रंग पाहून दिला. अन् पुतळ्याच्या तोंडाचा रंगही माझ्याच डब्यातला. माफी मागाची आहे मले, अन् ती मी ह्याच खोलीत मागणार, क्लासवाल्याच्या खोलीत नाही."

मंग तुळसाबाई उठली, एका कंप्युटरजवळ गेली अन् त्याच्यावर हात ठेवून शरच्चंद्रजीले म्हणाली का ह्या डब्यावर मी माझं नाव लिहिलं आहे, हे कसं नेता ते पाहते. रुपराव म्हणाले, साहेब, आम्ही भांडलो ते घरच्यासारखे भांडलो, मोजा आता किती आहो. शरच्चंद्रजी माणूस शब्दाचा. त्यांनी खरंच मोजले. खोलीत, जिन्यावर, पटांगणात. एकशे एकतीस. माप घेणाऱ्या माणसाले त्यांनी हळूच जाले सांगतलं. मंग पालक-शिक्षक संघाचं सचिवपद निघालं तं सगळ्यांनी मॅडमचं नाव घेतलं. शरच्चंद्रजी म्हणाले, कंत्राटी शिक्षकाला ते पद देता येत नाही, नियम आहे. तुळसाबाई म्हणाली, मंग कंत्राट काढून टाका, काढाची तं आजकाल सगळ्यांनाच सवय आहे. त्यावर शरच्चंद्रजीही हसले, अन् म्हणाले का संस्थेच्या बैठकीत ठेवतो. ठेवलं त्यांनी. दिवाळीनंतर मॅडमच्या हातात कायम नोकरीचं पत्र आलं.

पण ते मंग. त्या रविवारी बारा वाजता सगळे गेले, अन् खोलीत एकशे एकतीस जोडी चपलांची माती. मॅडमनं पेचकस पिशवीतून काढून पुन्हा टेबलावर मांडले. मी दाराच्या मागून झाडू काढला. तोच झाडू, चार वर्षांत घासून अर्धा झालेला. मी म्हटलं, मॅडम, त्या दिवशीचं...

"मले तेव्हाच कळलं होतं, जिजाबाई," मॅडम म्हणाल्या. "झाडू घेऊन मी फाटकापर्यंत परत गेली होती. कामठीचा ऑटोही उभा होता. मंग वाटलं, जाताना निदान खोली पाहून जावं. पाहिली तं खरंच लय घाण होती."

मले हसूही आलं अन् रडूही आलं, दोन्ही एकसाथ. मॅडमनं माझ्या हातातून झाडू घेतला. मी सोडला नाही. थोडा वेळ आम्ही दोघी तो ओढत उभ्या होतो. शेवटी मी खालून दुसरा झाडू आणला, अन् अर्धी खोली त्यांनी झाडली, अर्धी मी.